वावरात उतरलेलं विद्यापीठ

अकोल्याचं कृषी विद्यापीठ, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडातलं पीकेव्ही, हे वऱ्हाडाला आयतं मिळालेलं नाही. राज्याचं कृषी विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रातल्या राहुरीकडे जाणार म्हटल्यावर इकडं लोक पेटून उठले, कापूस आम्ही पिकवायचा आणि विद्यापीठ तिकडं, हे कोणालाच पटेना. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अकोल्यात आंदोलन झालं, गोळीबार झाला, तरुण पोरांचे जीव गेले. मग २० ऑक्टोबर १९६९ ला हे विद्यापीठ उभं राहिलं. नाव दिलं डॉ. पंजाबराव देशमुखांचं, पापळ गावचा शेतकऱ्याचा पोरगा, पुढं देशाचा कृषिमंत्री झाला, आणि त्याच्या कितीतरी आधी अमरावतीत श्रद्धानंद वसतिगृह काढून सगळ्या जातीच्या गरीब पोरांना एका छताखाली शिकवत होता.

आता गावात काय दिसते ते पाहू.

पावसाळा लागला की कृषीदूत अन् कृषीकन्या येतात. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाची पोरं, गावातच राहतात, कोणी रिकामी खोली देते, कोणी जेवायला बोलावते. सुरुवातीला म्हातारे विचारतातच, काय रे बाप्पा, तुम्ही आम्हाला शेती शिकवता काय? पण पोरं ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडतात, गुंडाळतात, काही दिवसांनी उघडून मोजतात, सत्तर उगवले तर घरचं बियाणं पेरायला चालते, बॅगचे पैसे वाचले. तेवढ्यानं ऐकायला लोक बसतात. मग कपाशीत कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारा, कुठं अन् किती उंचीवर लावायचा, त्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग किती सापडले की फवारणीचं पाहायचं, हे सगळं बांधावर उभं राहून चालते. आणि पोरंही शिकतात बरं का, भारी काळी जमीन वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, आली का नाही हे पायानं ओळखायचं, हे कोणत्या पुस्तकात सापडणार? मला तर वाटते ज्या घरानं त्या पोरांना खोली दिली, ज्यानं डेमोसाठी दोन तास वावर दिलं, तेच या विद्यापीठाचे खरे आधार आहेत, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नसते.

जॅकी हरभरा, अंबा सोयाबीन, हे विद्यापीठाचे वाण तर घरोघरी माहीतच आहेत.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला पीकेव्ही मिनी दाल मिलची वाटते. आपल्याकडं तूर पिकते, ती कच्चीच बाजारात जाते अन् तीच डाळ आपण किराणा दुकानातून महाग घेतो, वर्षानुवर्षं हेच चालू होतं. ही छोटी मशीन एका खोलीत बसते. तुरीला आधी ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, पाणी मारून मुरू द्यायचं, उन्हात वाळवायचं, मग भरडायचं. विदर्भात कितीतरी बचत गटांच्या बायांनी ती घेतली, गावची तूर गावातच भरडली जाते, भरडाईचे पैसे गटात येतात, चुनी, म्हणजे भरडताना उरलेला चुरा, गाईम्हशीला जाते. डाळीचं पॅकेट स्वतः भरून विकणाऱ्या बाईला नफा किती झाला विचारा, हिशोब तोंडपाठ असतो तिचा.

विद्यापीठाची शिवार फेरी असते, सगळे वाण, सगळी अवजारं तिथं उभ्या पिकात पाहायला मिळतात, शास्त्रज्ञ समोर असतात, विचारायला कोणी आडकाठी करत नाही. यंदा तारीख लागली की गावातून एक गाडी करा, आणि घरच्या बायांना सोबत न्या, कारण निंदण अन् वेचणी त्याच करतात, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.