बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मंडळी, मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक. विषय बाहेर फळ्यावर लिहिलाच आहे, जुन्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, उचलत नसेल तर काय बघायचं. मला पाऊण तास दिलाय आणि त्यात बऱ्याच गोष्टी बसवायच्यात, पण मुख्य मुद्दा मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मधेच उठावं लागलं तरी तो घेऊन जाता येईल. व्होल्टेज मोजायचं ते सेल्फ मारत असताना मोजा. गाडी गप्प उभी असताना मीटरवर काय दिसलं त्यावरून पार्ट बदलू नका.

आणि एक आधीच वेगळं करू. सेल्फ मारल्यावर इंजिन छान फिरतंय पण पेट घेत नाही, तर तो पेट्रोलचा नाहीतर स्पार्कचा प्रश्न, त्यावर पुढच्या महिन्यात बोलू. आज इंजिन फिरतच नाही. चावी फिरवली की एक 'टक्', किंवा 'टकटकटकटक', किंवा मग काहीच नाही. बऱ्याच जणांच्या माना हलतायत म्हणजे तिन्ही प्रकार भोगून झालेत.

आमच्या मामांकडे प्रीमिअर पद्मिनी होती. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे बाकासारखी सलग सीट. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली तेव्हा कितीतरी जण मुद्दाम शेवटचं बसायला गेले होते, इथेही असतील कोणी. तर मामांच्या गाडीचं इंजिन उतरवून काम केलं, रिंग पिस्टन वगैरे, गॅरेजचं नाव घेत नाही. घरी आणली ती धक्का मारून चालू केलेली. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर टक्. गॅरेजवाला म्हणाला बॅटरी गेली, नवीन टाकली. परत टक्. मग म्हणाला सेल्फ गेला, तो उतरवला, कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, नवे टाकले, बुश बदलले, बसवला, परत तेच टक्. मग म्हणे इंजिन नवीन आहे, टाईट आहे, चालवून चालवून मोकळं होईल. म्हणजे साठी उलटलेल्या माणसाने रोज सकाळी सोसायटीतली पोरं गोळा करून धक्का मारून घ्यायचा, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर इतका आत्मविश्वास की मामांनी ते ऐकूनही घेतलं!

मला राग येतो तो इथे. कोणीही मीटर लावला नव्हता. म्हणजे लावला होता, बॅटरीवर, साडेबारा व्होल्ट आले, आणि सेल्फच्या जाड वायरवर, तिथेही साडेबारा, म्हणून 'करंट बरोबर येतोय' असं ठरलं.

मामी सहज म्हणाली, सेल्फ मारला की वास येतो रे, आणि ते चोकचं बटण गरम लागतं. मी हात लावला तर खरंच चटका बसला. चोकच्या केबलमधून करंट जायचं काय कारण? बॉनेट उघडलं, मीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर, स्वच्छ घासलेल्या जागी, आणि मामांना म्हटलं मारा सेल्फ. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं, पाव व्होल्टच्या आत. मीटरवर सहा व्होल्टच्या वर आले.

आता हे नीट बघा. बॅटरीचा मायनस जातो बॉडीला. इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून तोडलेलं. सेल्फ बसलाय इंजिनवर आणि त्याचा परतीचा करंट इंजिनमधूनच जातो. तर इंजिन आणि बॉडी जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते, अर्थिंगची. इंजिन उतरवताना ती सोडली होती आणि परत लावलीच नव्हती, बोल्ट खाली मोकळा लटकत होता. मग सेल्फचा करंट घरी जायला वाट शोधतो, त्याला मिळाली चोकची केबल. तिच्यातून जमेल तेवढा गेला, ती तापली, आणि सेल्फच्या वाट्याला उरलेल्या पाच-सहा व्होल्टमध्ये काय होणार, टक्! पट्टी लावली, दहा मिनिटांचं काम. पहिल्या चावीला इंजिन फिरलं. बॅटरीचे आणि सेल्फचे पैसे मात्र गेले ते गेले.

मग साडेबारा व्होल्ट दिसले कसे? कारण मीटर स्वतः जवळपास काही करंट ओढतच नाही. टेस्ट लॅम्पसुद्धा जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. दहा तारांची वायर असेल आणि नऊ तुटून एकच शाबूत असेल तरी दिवा झकास लागतो. पण सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. वाटेत कुठे ०.०५ ओहम एवढासा अडथळा असला, गंजलेलं टर्मिनल, सैल नट, तरी शंभर अँपिअरला पाच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. जत्रेच्या दिवशी अरुंद बोळ अडतो, एरवी त्यातून एकटा माणूस आरामात जातो, तसं आहे हे. म्हणून गर्दी असतानाच बघायचं.

सेल्फ मुळात असाच, थोडा वेळ पण भरपूर करंट ओढायला, बनवलेला आहे. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने १९११ साली अमेरिकेतल्या डेटनमध्ये तो जमवला, १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. त्याआधी तो कॅश रजिस्टरची विजेवरची मोटर बनवून आला होता आणि तिथूनच त्याला कळलं होतं की मोटर थोडाच वेळ चालणार असेल तर लहान मोटरकडूनही दांडगं काम करून घेता येतं. म्हणून दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारत राहू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा, तो सतत चालायला बनलेलाच नाही.

बरं, घड्याळ दाखवलं जातंय, दहा मिनिटं राहिली, तर क्रमाने पटापट. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. स्पार्क देणाऱ्या कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा, म्हणजे इंजिनच्या धातूला टेकवा, म्हणजे गाडी चालू होणार नाही. बॅटरी रात्रभर शांत उभी असेल तर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर सहातला एक सेल मेलाय असं समजा. मग सेल्फ मारताना बघा, साडेनऊच्या वर राहिली पाहिजे. खाली जात असेल तर चार्ज करून परत बघा, लगेच नवीन आणू नका.

टकटकटकटक म्हणजे बहुतेक बॅटरी उतरलेली नाहीतर टर्मिनल खराब. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, ओढतो, सेल्फला करंट मिळतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत ओढतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोकणात पावसाळ्यात किती लवकर चढते ते तिकडच्यांना विचारा. गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा.

एकच टक्: प्लसची खुंटी ते सेल्फचा मोठा नट, सेल्फ मारताना मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर नको. मग मायनस ते ब्लॉक, ते सांगितलंच. दोन्ही चांगले असतील आणि सेल्फच्या नटवर व्होल्टेज मिळत असेल तरच सेल्फ उतरवा, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले असतील किंवा कार्बन संपलेले. हलकेच ठोकल्यावर उचलला तर कार्बनच. पण नंतरच्या कायमचुंबकवाल्या सेल्फला ठोकू नका, चुंबक तडकतात.

काहीच आवाज नाही: सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, जिच्यावर ५० लिहिलेलं असतं, चावी फिरवताना व्होल्टेज येतंय का? जुन्या बऱ्याच गाड्यांत मधे रिले नसतो, चावीच्या स्विचमधूनच सोलेनॉइडचा सगळा करंट जातो आणि स्विच आतून जळतो. तिथे येतंय आणि तरी गप्प, तर सोलेनॉइड.

आणि सगळं बरोबर असून इंजिन फिरत नसेल तर जोर लावू नका. प्लग काढा, पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवून बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेल्या गाड्यांचे मालक सेल्फ मारत बसले. पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. प्लग काढले असते तर पाणी नुसतं उडून बाहेर आलं असतं.

व्होल्टेज मोजायला साधा दोन-तीनशे रुपयांचा मीटर चालतो, फक्त शंभर अँपिअर त्याच्यातून मोजायला जाऊ नका, आपण व्होल्टच बघतोय. खाली पार्किंगमध्ये दोन पद्मिनी आणि एक मारुती ८०० उभी आहे असं कळलं, चहा झाला की त्यांची बॉनेट उघडू, मीटर माझ्या पिशवीत आहे.