खुडूक कोंबडी आणि साठचा बल्ब

(परसातल्या कोंबडीपालनावर महिला बचत गटांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मघाशी एका ताईंनी विचारलं, पिल्लं कोंबडीखाली वाढवायची की बल्बखाली? माझं मत आधीच सांगून टाकतो. अंडी कोंबडीला उबवू द्या, आणि पिल्लं बाहेर आली की पहिले चार आठवडे त्यांना बल्बखाली घ्या. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर वाद घालावा, चहाला अजून अवकाश आहे.

उबवणीत गावठी कोंबडीचा हात कुणी धरू शकत नाही. ती खुडूक झाली, म्हणजे तिला अंड्यांवर बसायची ओढ लागली, की अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि अंडी देणं थांबतं. पोटाखालची पिसं झडून तिथली उघडी कातडी थेट अंड्याला लागते. दिवसातून एखाद्या वेळी ती उठते, दाणे टिपते, पाणी पिते, की पुन्हा जागेवर. मधूनमधून चोचीने अंडी फिरवत राहते. ती फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. हेच काम मशीनकडून करून घ्यायचं तर साडेसदतीस अंशांची ऊब आणि योग्य ओलावा 21 दिवस सांभाळावा लागतो. वीज कधी जाते आणि कधी येते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिला बसवताना टोपलीत तूस घाला, राखही मिसळा, म्हणजे उवा कमी होतात. उवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यातच अंडी सोडते. दहा-बारा अंडी पुरे. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं ठेवू नका. दाणापाणी जवळच असू द्या, नाहीतर बसून बसून ती निम्मी होते. सातव्या रात्री अंधारात एकेक अंडं टॉर्चसमोर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसतंच पिवळट उजळलं तर अंडं वांझ. ते काढून टाका. आणि टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो असं म्हणतात ना, तसं काही नसतं.

मग एवढी चांगली आई असताना पिल्लं काढून का घ्यायची? गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 60 अंडी देते. उबवणीचे तीन आठवडे आणि त्यानंतर पिल्लं मागे घेऊन फिरायचे दोन-अडीच महिने तिची अंडी बंद. शिवाय बारा पिल्लं घेऊन अंगणात उतरलेली कोंबडी महिन्याभराने चार-पाचच घेऊन हिंडताना तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. घार, कावळा, मुंगूस, शेजारचं मांजर, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पिल्लं लगेच उचलली तर कोंबडी दोन-चार दिवस हाका मारते, मग शांत होते आणि लवकर अंड्यावर येते.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा निर्णय पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घ्यायचा. आठवड्याने पिल्लं परत तिच्यापुढे सोडली तर ती टोचून काढते. सगळी पिल्लं एकाच वेळी निघत नाहीत. पहिली चार-पाच निघाली की ती त्यांच्या मागे उठून जाते आणि उरलेली अंडी थंड पडतात. म्हणून आधी निघालेली पिल्लं वाळली की उबदार खोक्यात ठेवा. पोटात बलक शिल्लक असतो, दोन दिवस उपाशी राहिली तरी चालतं.

आता बल्ब. एका पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे पंचवीस-तीस पिल्लांना साठचा एक बल्ब. तो जुना, तारेचाच हवा. एलईडीचा उजेड पडेल, ऊब पडणार नाही. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. गोलच का? कोपरा असला की गारठलेली पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. खाली तूस, त्यावर गोणपाट. नुसता गुळगुळीत पेपर अंथरला तर पाय घसरून फाकतात, ते पिल्लू पुढे कामाचं राहत नाही.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर पिल्लं सांगतात. सगळी बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून वारा येतोय, तिथे पोतं लावा. काही खातायत, काही पाय पसरून झोपलीत, असं दिसलं की तुम्हीही झोपायला हरकत नाही. वीज गेली तर निखाऱ्याची शेगडी ठेवतात, पण बंद खोलीत ती ठेवू नका. कोळशाचा वायू पिल्लांना मारतो आणि माणसालाही.

पहिलं पाणी उकळून थंड केलेलं, किंचित गूळ घालून. उथळ भांड्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू त्यात बुडतं. मग मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं विकतचं खाद्य. विकतचं खाद्य परवडत नसेल तर जोडीला वाळवी द्या. मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाशेजारी संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळी उचललं की आत वाळवी खच्चून भरलेली असते. इतकी स्वस्त प्रथिनं दुसरीकडे मिळत नाहीत.

बल्बला एक गोष्ट जमत नाही. घार दिसली की आई एका वेगळ्या आवाजात ओरडते आणि पिल्लं दडतात. बल्बखालच्या पिल्लांना हे कुणी शिकवलेलं नसतं. पाचव्या आठवड्यात त्यांना उघड्यावर सोडताना आधी आठवडाभर डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली ठेवा, मग मोठ्या कोंबड्यांबरोबर, झाडाझुडपाच्या आडोशाने. आणि जिच्याकडे एकच कोंबडी अन् पाच पिल्लं आहेत, तिने बल्बच्या भानगडीत पडू नये. आईसकट डालग्याखाली झाका, झालं.

शेवटचं, मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचं. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस, डोळ्यात एकेक थेंब, महिन्याने पुन्हा. लसीची कुपी शंभराच्या वर पिल्लांना पुरते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कुपी फोडायची आणि उरलेली ओतून द्यायची, म्हणून कुणी आणतच नाही. त्यापेक्षा आळीतल्या आठ-दहा जणींनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवा. पिल्लं एकदम निघतील, एक कुपी सगळ्यांना पुरेल. थर्मासमध्ये बर्फ घालून ती कोण आणणार, एवढं आजच ठरवून उठा.