पहिली कडी कुठे आहे?

(महाविद्यालयीन वादविवाद शिबिरातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘दुष्परिणामांचा युक्तिवाद : मांडणी आणि खंडन’. म्हणजे ‘हे केलं तर त्यातून पुढे अमुक वाईट होईल’ असं साखळीने दाखवणं. खंडन शिकायला तुम्ही आला आहात, तिकडे मी येतोच. पण आधी एक जुनं दुखणं सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच निघालंय.

द्वितीय वर्षाला असताना एका फिरत्या करंडकाला गेलो होतो. विषय होता ‘राज्यात संपूर्ण दारूबंदी झालीच पाहिजे’ आणि आम्ही प्रतिकूल. मी आणि माझा जोडीदार पंधरा दिवस ग्रंथालयात बसलो होतो. आमचा मुद्दा एकच. महाराष्ट्र बंद केला तरी गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश खुलेच राहणार. बाटली सीमा ओलांडणार, तिचा भाव वाढणार, वाढलेल्या भावातून हप्ता निघणार आणि ज्याला तो भाव परवडत नाही तो हातभट्टीकडे वळणार. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, तिथलं उदाहरण दिलं. एकेक पायरी सावकाश मांडली.

समोरचा वक्ता उठला. आवाज खणखणीत होता, हे मान्यच करायला हवं. म्हणाला, आज एक पेला, उद्या घर, परवा गाव, मग पिढी, मग राष्ट्र! प्रत्येक शब्दाला हात आणखी वर. टाळ्या थांबेनात. करंडक तिकडे गेला. बक्षीस समारंभ झाल्यावर मी परीक्षकांना गाठून विचारलं, सर, पेल्यापासून राष्ट्रापर्यंत तो पोचला कसा? ते प्रेमाने म्हणाले, “बाळा, तुझं पटलं. पण त्याने अंगावर काटा आणला.”

तीस वर्षं होत आली, ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. करंडक गेल्याचं दुःख केव्हाच संपलं. पटलेल्या मुद्द्यापेक्षा काट्याला जास्त गुण मिळतात, हे एका कोवळ्या मुलाला शिकवलं गेलं, त्याचं दुःख अजून आहे. आज मी परीक्षक म्हणून जातो तेव्हाही तेच ऐकतो. विषय वर्गातल्या मोबाईलचा असो की परीक्षापद्धतीचा, चौथ्या मिनिटाला देश रसातळाला गेलेला असतो. मी गुणपत्रकावर पेन टेकवून वाट बघत असतो की पहिली कडी, म्हणजे ठरावातून थेट काय घडेल ते, कधी येते. ती येतच नाही.

आपल्याकडे हे शास्त्र जुनं आहे. न्यायदर्शन हे तर्काचा विचार करणारं आपलं जुनं दर्शन, त्याच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, ‘तर्क’ आहे आणि त्याचं रूप अनिष्टप्रसंग दाखवण्याचं : तुमचं मानलं तर असं असं नको ते मानावं लागेल. पण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तर्काला प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान देणारं साधन, म्हटलं नाही, प्रमाणाला मदत करणारा म्हटलं. म्हणजे भीती दाखवलीत की काम संपलं असं नाही. पुरावा वेगळा आणावाच लागतो.

अमेरिकेतल्या स्पर्धांत या युक्तिवादाला ‘डिसअॅडव्हान्टेज’ म्हणतात आणि त्याचे भाग सुटे करून शिकवतात. आज ते संकट नाही, हे आधी दाखवायचं. मग ठरावामुळेच ते सुरू होतं, हा दुवा. मग मधल्या कड्या आणि शेवटी परिणाम. आपली मुलं शेवटाकडून सुरुवात करतात आणि तिथेच संपवतात.

माझ्या सरावाला एक मुलगी यायची, चंद्रपूर जिल्ह्यातली. तिथे २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. पहिल्या दिवशी तिनेही ‘समाज पोखरला जाईल’ असंच सुरू केलं. मी थांबवलं. म्हटलं, तुझ्या गावात काय झालं तेवढंच सांग. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, चौकातलं दुकान बंद झालं. पण वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिकडे सुरूच. आमच्या वर्गातला एक मुलगा शाळा सोडून रात्री मोटारसायकलवर पेट्या आणायला लागला. दहावीला बसलाच नाही.” खोलीत कुणी हललं नाही. बघा, काटा आलाच की! आणि तो पहिल्या कडीने आणला : नदी, मोटारसायकल, रिकामा बाक.

आता १८९१. हे उदाहरण मी कुठेही गेलो तरी सोडत नाही. संमतिवयाचं विधेयक, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहावरून बारा करायचं. टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. त्यांचा जोर होता तो परक्या सरकारने कायदा करून आमच्या धर्माचारात हात घालण्यावर. आज हे, उद्या काय? हा शुद्ध दुष्परिणामांचा युक्तिवाद आहे आणि मांडणारा माणूस सामान्य नव्हता. तुम्ही विधेयकाच्या बाजूने असलेल्या आगरकरांकडून उभे आहात असं धरा. कुठली कडी धराल? मी म्हणेन, सतीबंदी १८२९ ची, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तो हात बासष्ट वर्षांपूर्वीच आत आला आहे. मग या विधेयकाने नवं काय होतं? त्यावर समोरून उत्तर येईल की या वेळी पोलीस थेट शयनगृहापर्यंत येतील. बरोबर, ती नवी कडी आहे, तिला मान द्यायला हवा. मग तराजू लावा. एका पारड्यात उद्याची भीती. दुसऱ्यात बंगालमधली दहा-अकरा वर्षांची फुलमणी, १८८९ साली नवऱ्याच्या शरीरसंबंधाने मेलेली. ती झालेली गोष्ट आहे.

...चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. क्षमा करा. खंडन भरभर सांगतो, लिहून घ्या.

कागदाची उभी घडी घाला. डावीकडे समोरच्याची साखळी बाणांनी काढा, जो बाण पुराव्याशिवाय आहे त्याला गोल करा. उजवीकडे फक्त त्या गोलाचं उत्तर. सगळ्या कड्यांवर तुटून पडू नका, एक तुटली की पुढचं आपोआप खाली येतं. ‘हे तर आजही होतंय’ असं म्हणालात, तर ठरावाने ते आणखी वाढणार नाही हेही दाखवा.

युक्तिवाद उलटवताना फार जपा. तुम्ही अनुकूल आहात आणि समोरचा म्हणतो, दारूबंदीने महसूल बुडेल. मुद्दा खरा आहे, दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावरचं उत्पादन शुल्क राज्यालाच मिळतं. तुम्ही म्हणू शकता, बुडणार नाही, वाढेल. घरात वाचलेला पैसा बाजारात येईल. किंवा म्हणू शकता, बुडू दे. दारूच्या पैशावर चालणारं सरकार ती सोडवणार नाही, तिजोरी आटली तरच ते बदलेल. एकच निवडा! दोन्ही म्हणालात, तर महसूल वाढणार आणि वाढलेला महसूल वाईट, असं तुमच्याच तोंडून सिद्ध होतं. समोरच्याला फक्त ‘आभारी आहे’ म्हणून खाली बसायचं उरतं. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत एक चांगला संघ मी असाच हरताना पाहिला.

तुलनेचं राहिलंच. किती मोठं, किती शक्य, किती लवकर, परत फिरवता येईल का, या चार प्रश्नांनी तोला. दुपारच्या सत्रात प्रत्येकाने एक साखळी आणायची आहे, तीन कड्यांची. राष्ट्र, संस्कृती आणि पिढी हे तीन शब्द आज वापरायचे नाहीत.