प्लूटोची सुपारी

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी आमच्या घराची वास्तुशांत होती. गुरुजींनी चौरंगावर तांदळाचे नऊ पुंजके घातले, प्रत्येकावर एकेक सुपारी ठेवली आणि नवग्रहांना बोलवायला सुरुवात केली. मी नुकतेच शाळेत नऊ ग्रह पाठ केलेले, त्यामुळे बोटांवर मोजत बसले. सूर्य? तो तर तारा. चंद्र? उपग्रह. मग राहू, केतू. पृथ्वीचा पत्ताच नाही! प्लूटोची सुपारी कोणती, असं मी विचारलंच. गुरुजी हसले. म्हणाले, "त्याला आमंत्रण नाही गं."

शाळेतले नऊ आणि चौरंगावरचे नऊ यांत सामाईक फक्त पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. ग्रह म्हणजे पकडणारा, धरणारा. त्या हिशेबाने चंद्र-सूर्याला ग्रासणारे राहू-केतू पक्के ग्रह. ग्रीकांच्या शब्दाचा अर्थ होता भटक्या, म्हणजे ताऱ्यांच्या गर्दीतून रोज थोडा सरकणारा ठिपका. डोळ्यांनी आकाश बघायचं होतं तोवर एवढ्यावर भागत होतं.

दुर्बीण आली आणि पंगत वाढायला लागली. १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. आपल्याकडचे ज्योतिषी त्याला अजून हर्षलच म्हणतात. मग १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिली बेटावर, पालेर्मोच्या वेधशाळेत, ज्युसेप्पे पियाझ्झीला मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक ठिपका सरकताना दिसला. तो सेरेस. जागा रिकामीच होती, लगेच ग्रह म्हणून पाट मांडला. पण पुढच्या सहा वर्षांत त्याच जागेत आणखी तीन निघाले: पॅलस, जुनो आणि व्हेस्टा. दुर्बिणीतून मंगळाची, गुरूची गोल चकती दिसते. हे मात्र ताऱ्यासारखे नुसते टिंब. तरी १८३० च्या सुमारास मुलं अकरा ग्रह पाठ करत होती. १८४५ पासून नवे सापडण्याचा सपाटाच लागला. १८५१ पर्यंत असे ठिपकेच पंधरा झाले, तेव्हा ज्योतिर्विदांनी त्यांना क्रमांक दिले आणि लघुग्रहांच्या वेगळ्या पंगतीत बसवलं. आकाशात काही बदललं नव्हतं. यादी हाताबाहेर गेली होती, एवढंच.

मला प्लूटोपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते, कारण प्लूटोचं पुढे अगदी हेच झालं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ हा तरुण आकाशाच्या एकाच भागाचे, वेगवेगळ्या रात्री काचेवर घेतलेले दोन फोटो आलटून पालटून बघत होता. त्यातला एक ठिपका जागा सोडून उडी मारत होता. नववा ग्रह मिळाला! तो पृथ्वीएवढा तरी असेल, असा अंदाज होता. १९७८ मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला, त्यावरून वजन काढता आलं, आणि प्लूटो आपल्या चंद्रापेक्षाही कितीतरी हलका निघाला. १९९२ पासून त्याच्या भागात बर्फाळ गोळे सापडू लागले. २००५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एरिस जाहीर केला. तो प्लूटोपेक्षा सव्वापट वजनदार. आता एक तर एरिसला आत घ्या, नाहीतर प्लूटोला उठवा. एरिस ही ग्रीकांची कलहदेवता, आपल्या कळलाव्या नारदाची बहीण शोभावी अशी. नाव चपखल बसलं.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने पिवळी कार्डं वर करून मतदान घेतलं. आठवडाभर आधी आलेला मसुदा सेरेस, शॅरन आणि एरिस धरून बारा ग्रह करणारा होता! तो बारगळला. ठरलं ते असं: सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल व्हायला हवं आणि आपल्या कक्षेतला परिसर साफ केलेला हवा. पहिल्या अटीवर गुरूचा गॅनिमीड गळतो. तो बुधाहून मोठा आहे, पण फिरतो गुरूभोवती.

खरी मेख तिसऱ्या अटीत आहे. गुरूच्या वाटेवरही लघुग्रहांचे थवे आहेत, मग तो तरी कुठला ग्रह, असं टीकाकार विचारतात. शब्द ढिला आहे, हे मलाही मान्य. पण आकडे बघा. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी हिशेब मांडला: प्रत्येकाचं वस्तुमान त्याच्या वाटेवरच्या बाकीच्या ऐवजाच्या किती पट? पृथ्वीचं सुमारे १७ लाख पट. मंगळाचं ५,१०० पट. सेरेसचं मात्र जेमतेम एक तृतीयांश आणि प्लूटोचं एक दशांशाच्याही खाली. मध्ये एवढी मोठी दरी आहे की रेघ कुठे मारायची, यावर फार डोकं खाजवावं लागत नाही. प्लूटो बटुग्रह झाला, म्हणजे गोल खरा, पण परिसर साफ न केलेला. त्याच दिवशी सेरेसही बटुग्रह झाला; त्याला मात्र ती बढती होती.

आता गंमत अशी की, ही व्याख्या फक्त आपल्या सूर्यमालेपुरती आहे. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एका दूरच्या ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवणं आलं. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' म्हटलं, ग्रहाला 'संतमस'. हा संतमस वजनाने निदान दीड गुरूएवढा, आणि दोन दिवसांत वर थोड्या तासांत त्याची प्रदक्षिणा पूर्ण होते. अशांसाठी वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे: वजन साधारण तेरा गुरूंपेक्षा कमी हवं, कारण त्यापुढे पोटात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, पेटू लागतं. संतमस त्यात आरामात बसतो. त्याने आपला परिसर झाडलाय का, ते मात्र इतक्या लांबून बघणार कोण?