पन्नास मीटरची रायफल निवडताना

मित्रहो, आणि विशेषतः आपल्या मुलामुलींना घेऊन येथे आलेल्या पालकहो,

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे तीन आसनांतून नेम साधायच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला. पूर्वी पालक विचारत, ‘या खेळात पुढे काही आहे का?’ आता विचारतात, ‘कोणती रायफल घ्यायची?’ वरवर पाहता हा एकच प्रश्न आहे, पण त्याच्या पोटात सहा प्रश्न आहेत. बॅरल म्हणजे नळी कोणती, ॲक्शन म्हणजे काडतूस बसवून झाडणारी यंत्रणा कोणती, ट्रिगर कसा, दस्ता कोणता, साईट म्हणजे नेम धरायचे साधन कोणते आणि काडतूस कोणते, असे ते सहा. दुकानदार बहुधा बॅरलपासून सुरुवात करतो. मी उलट क्रमाने जाणार आहे, कारण पैसा कमी असेल तर तो आधी दस्त्यावर आणि काडतुसांवर घालावा, बॅरलचा विचार त्यानंतर करावा आणि उरलेल्या चकचकीत वस्तू अगदी शेवटी घ्याव्यात, असे माझे मत आहे. त्यामागचा हिशोब आज तुमच्यासमोर मांडतो.

हिशोबाची सुरुवात लक्ष्यापासून करू. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा व्यास धरला जातो ५.६ मिलिमीटर. गोळीची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून गोळीचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडले की दहा गुण मिळतात. तिथून बाहेर प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी होत जातो. हा आठाचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक सुट्या भागाची किंमत आपण रुपयांत नव्हे, याच मापात मोजणार आहोत. पॅरिसच्या पात्रता फेरीत कुसाळे यांचे गुण होते ६०० पैकी ५९०, आणि तेवढ्यावर ते सातवे आले. अंतिम फेरीत आठजणच जातात. साठ गोळ्यांत दहा गुण गेले आणि तरीही जेमतेम आत राहता आले, अशी ही पातळी आहे.

आता असे धरा, की एका होतकरू खेळाडूच्या हाताच्या थरथरीमुळे गोळ्या २० मिलिमीटरच्या घेरात पसरतात आणि त्याची रायफल, काडतुसासह, शिकंज्यात घट्ट बांधून झाडली तर १२ मिलिमीटरचा घेर देते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करायचे, ते मिळवायचे आणि बेरजेचे वर्गमूळ काढायचे. चारशे अधिक एकशे चव्वेचाळीस म्हणजे पाचशे चव्वेचाळीस, आणि त्याचे वर्गमूळ २३.३. आता वडिलांनी कर्ज काढून नवी बॅरल बसवली आणि रायफलचा घेर १२ वरून ९ वर आला, तर एकूण घेर होतो २१.९. म्हणजे दीड मिलिमीटरहून कमी फायदा. तेच पैसे दस्ता नीट बसवण्यात आणि सरावात घातले आणि हाताचा घेर २० वरून १६ वर आला, तर जुन्याच बॅरलवर एकूण घेर बरोबर २० होतो. फायदा दुपटीहून जास्त झाला.

पण हेच गणित मुरलेल्या खेळाडूला लावले की चित्र फिरते. ज्याचा हात ८ मिलिमीटरमध्ये स्थिर आहे, त्याचा एकूण घेर १२ च्या रायफलबरोबर १४.४ आणि ९ च्या रायफलबरोबर १२ होतो. त्याला नव्या बॅरलचा पुरेपूर फायदा मिळतो. पालथे झोपून झाडताना, म्हणजे प्रोनमध्ये, चांगल्या खेळाडूचा हात जवळजवळ हलतच नाही आणि तिथे रायफल आणि काडतूस यांचाच कस लागतो. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये प्रोन प्रकारातच जगज्जेत्या झाल्या, हे इथल्या कोल्हापूरकरांना सांगायला नकोच. सांगायचे एवढेच, की ‘सर्वांत चांगली रायफल कोणती’ या प्रश्नाला ‘कोणासाठी?’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

काडतुसाकडे वळतो, कारण विषयाचा गाभा तिथे आहे. आपले पॉइंट टू टू (.२२ इंच) लाँग रायफलचे काडतूस दिसायला साधे असते. सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची, मेणासारखे वंगण लावलेली गोळी, आणि बुडाच्या कडेत भरलेले स्फोटक द्रव्य. स्पर्धेची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेला असतो, कारण आवाजाची सीमा ओलांडून परत खाली येणारी गोळी वाटेत डळमळते. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात ती साडेबारा-तेरा सेंटीमीटर खाली येते. समजा, एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने कमी आहे, तर ती सुमारे ८ मिलिमीटर जास्त खाली पडेल. पुन्हा तोच आठाचा आकडा आला. नेमबाजाने काहीही चूक केली नाही, तरी एक गुण गेला. म्हणून काडतुसाचा डबा घेताना सरासरी वेगाकडे फारसे पाहू नये. पाहायचे ते एवढेच, की गोळीगणिक वेग किती एकसारखा राहतो.

हा एकसारखेपणा कारखान्याच्या नावाने ठरत नाही, लॉटने, म्हणजे एका वेळी भरलेल्या काडतुसांच्या खेपेने ठरतो. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्या जगातली उत्तम काडतुसे बनवतात. पण त्यांच्याच एका नावाखाली आज भरलेली आणि सहा महिन्यांनी भरलेली काडतुसे तुमच्या बॅरलमध्ये सारखी वागतील, याची खात्री नसते. माझ्या बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या बॅरलला आवडेलच असेही नाही. म्हणून एली आणि लापुआ आपल्या चाचणी केंद्रांत खेळाडूची बॅरल आणि ॲक्शन शिकंज्यात बांधून अनेक लॉट झाडून पाहू देतात, आणि जो लॉट सर्वांत लहान घेर देईल त्याची वर्षभराची काडतुसे खेळाडू तिथेच राखून ठेवतो. प्रत्येकाला तिथे जाणे परवडणार नाही. पण आपल्या क्लबमध्ये तीन-चार लॉटचे एकेक-दोन डबे आणून, वारा नसलेल्या सकाळी, टेकू देऊन प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारणे कोणालाही जमते. फक्त एक पथ्य पाळा. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या हिशोबात धरू नका, कारण नळीत आधीच्या लॉटचे वंगण असते आणि नवे वंगण बसायला वेळ लागतो.

आता दस्त्याकडे येऊ, ज्याला रेंजवर आपण सगळेच स्टॉक म्हणतो. थ्री पोझिशनमध्ये एकच रायफल गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन आसनांत वापरायची असते आणि प्रत्येक आसनात मान, खांदा आणि हात वेगळ्या जागी असतात. म्हणून बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, वर-खाली, मागे-पुढे आणि तिरपी होणारी हवी, गाल टेकायची पट्टी उंचीला आणि बाजूला सरकणारी हवी, आणि पुढच्या हातासाठीची रेल लांब हवी. यांतली एखादी गोष्ट नसेल, तर शरीर ती कसर भरून काढू लागते, स्नायू ताणले जातात आणि विसाव्या गोळीला थरथर सुरू होते. मी स्वतः तरुणपणी जवळजवळ दोन वर्षे गुडघ्यावरच्या आसनात गुण घालवले, आणि दोष बॅरलचा मानून बॅरल बदलून घेतली. नंतर एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी माझी बट प्लेट दीड सेंटीमीटर आत घेतली आणि ग्रुप आवळला. त्या वेळी झालेली लाज अजून आठवते. बॅरलचे पैसे तर परत आले नाहीतच.

लाकडी दस्ता की ॲल्युमिनियमचा, हा वाद मी थोडक्यात आटोपतो. लाकूड हाताला उबदार लागते आणि धक्का मऊ करते, यात शंका नाही. पण जून ते सप्टेंबर कोकणात किंवा कोल्हापुरात ज्याने लाकडी दस्ता सांभाळला आहे त्याला माहीत असते, की ओल धरलेले लाकूड फुगते आणि ॲक्शनवरचा दाब बदलतो. ॲल्युमिनियमला हा त्रास नाही. मात्र दस्ता कशाचाही असो, ॲक्शनचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या मापाइतकेच, टॉर्क रेंच लावून आवळावेत. ‘हाताने घट्ट केले’ हे माप नव्हे. वजनाचेही तसेच. आजच्या नियमांत स्त्री-पुरुष दोघांसाठी पन्नास मीटरच्या रायफलला ८ किलोची कमाल मर्यादा आहे. मर्यादा आहे म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात आठ किलो द्यायचे, हा शहाणपणा नाही. तिची पाठ आधी तयार होऊ द्यावी.

साईटबद्दल बोलू. या प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागे डोळ्याजवळ बारीक छिद्राची पीप साईट असते आणि पुढे नळीच्या टोकाला एक कडे, म्हणजे फोरसाईट. लक्ष्याचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा आहे. पन्नास मीटरवरून पाहिलेला हा काळा गोल डोळ्यापासून ९० सेंटीमीटरवर असलेल्या कड्यात साधारण २ मिलिमीटरएवढा दिसतो. म्हणून कडे साडेतीन-चार मिलिमीटरचे घेतले, की भोवती पांढरी पट्टी भरपूर राहते आणि डोळा गोल मध्यभागी आणण्याचे काम आपोआप करतो. नवखे खेळाडू लहान कडे घेतात, कारण त्यात नेम ‘अचूक’ वाटतो. प्रत्यक्षात पांढरी पट्टी इतकी अरुंद होते की डोळा थकतो आणि बोट दाबायला घाबरते. मोठ्या कड्याकडे जा, असे मी नेहमी सांगतो. दोन्ही साईटमधले अंतर ८० सेंटीमीटर असेल आणि पुढचे कडे एक दशांश मिलिमीटर सरकलेले असेल, तर लक्ष्यावर चूक होते ६.२५ मिलिमीटरची. अंतर एक मीटर केले, तर तीच चूक ५ होते. नळीपुढे लावायच्या पोकळ जोडनळीचा हा एक उपयोग आहे. पॉइंट टू टूची दारू पहिल्या ४०-५० सेंटीमीटरमध्येच जळून संपते, म्हणून खुद्द बॅरल आखूड ठेवून साईट पुढे नेण्यात गोळीच्या वेगाचे काही बिघडत नाही, आणि गोळी नळीतून लवकर सुटते.

बॅरल, ॲक्शन आणि ट्रिगर यांबद्दल एकत्रच सांगतो. जर्मनीत उल्मला अन्शुट्झ आणि वाल्थर, ओबर्नडॉर्फला फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडमध्ये ब्लायकर आणि ग्रुनिग उंड एल्मिगर, ही नावे तुम्ही ऐकली असतीलच. या पातळीवर वाईट रायफल कोणीच बनवत नाही. फरक असतो तो एकेका बॅरलमध्ये, आणि तो लॉट चाचणीतच कळतो. ट्रिगरला पन्नास मीटरच्या प्रकारात किमान वजनाची अट नाही, म्हणून काहीजण तो अगदी हलका ठेवतात. नवख्याने तसे करू नये, कारण थंडीत बधिरलेल्या बोटाला फार हलका ट्रिगर जाणवतच नाही.

परवान्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण पालक ते विसरतात. पन्नास मीटरची रायफल हे अग्निशस्त्र आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्याखाली परवाना मिळाल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि कागदपत्रे आपल्या संघटनेमार्फतच पुढे न्यावीत. तोवर क्लबच्या रायफलवर सराव करण्यात कमीपणा नाही.

शेवटी, सुरुवातीला एका पालकांनी चिठ्ठी पाठवून विचारले होते की वापरलेली रायफल घ्यावी का. माझे उत्तर आहे, जरूर घ्यावी. पॉइंट टू टूची बॅरल नीट राखली तर हजारो गोळ्या झाडूनही टिकते. फक्त चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या पुढे, जिथे गोळी नळीतल्या आट्यांत शिरते, तिथे काजळीचे कडे जमलेले नाही ना आणि गंज नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्या. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली तर कोणीतरी ती वारंवार उघडली आहे, त्याचे कारण विचारा. मुलाला तिन्ही आसनांत घेऊन बसवा आणि बट प्लेट पूर्ण आत व पूर्ण बाहेर सरकवून पाहा, कारण पुढच्या तीन वर्षांत त्याची उंची वाढणार आहे. आणि व्यवहार ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसे घेऊन रेंजवर जा. विकणाऱ्याने त्याला हरकत घेतली, तर ती रायफल तिथेच ठेवून परत या.