घरातली बंदूक, शेजाऱ्याला प्रश्न आणि आमदाराला पत्र

मंडळी, ट्रॉय आणि नोव्हाय मिशिगन राज्यातल्या ज्या ओकलंड काउंटीत येतात, त्याच काउंटीत ऑक्सफर्ड हे गाव आहे. 30 नोव्हेंबर 2021 रोजी तिथल्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. त्यात चार मुलं गेली. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतलं होतं. एप्रिल 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या हत्याकांडाबद्दल आईवडील मनुष्यवधाचे दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ होती.

हत्यार घरातूनच येणं हा अपवाद नाही. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने 2019 साली शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच उचलली होती. म्हणून ज्यांना हे थांबवायचं आहे, त्यांनी सुरुवात घराच्या उंबरठ्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कायद्याचं काम मोठं आहे, त्याकडे येतोच. पण कुलपाचं काम आज संध्याकाळीही करता येतं.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, "आमच्या घरी बंदूक नाही, मग आमचा काय संबंध?" तुमचं मूल शनिवारी ज्या घरी खेळायला जातं, तिथे काय आहे हे तुम्हाला माहीत असतं का? हे विचारायला आपण कचरतो, कारण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्यासारखं वाटतं. यावर उपाय म्हणजे हा प्रश्न इतर प्रश्नांच्या रांगेत बसवायचा. निरोप असा पाठवा: "ओजस शनिवारी येतोय. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. घरी कुत्रा आहे का? आणि बंदूक असेल तर ती कुलपात असते ना, तेवढं कळवा. आम्ही सगळ्यांनाच विचारतो." शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्याला आपल्यावरच संशय घेतलाय असं वाटलं, की बोलणं तिथेच तुटतं. उत्तर "वरच्या कपाटात लपवलेली आहे" असं आलं, तर वाद घालू नका. "मग या वेळी मुलांना आमच्याकडेच खेळू दे" म्हणा. लपवलेली वस्तू मुलांना सापडतेच, दिवाळीच्या फराळाचे डबे आठवा.

आता कुलूप. अनेक पोलीस ठाण्यांत केबल लॉक फुकट मिळतं. मागताना कारण सांगावं लागत नाही. साध्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाला ते लावताना क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढायचं. मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी उडण्याआधी बसते ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. त्यानंतर पोलादी केबल वरच्या खिडकीतून आत घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढायची आणि कुलूप बंद करायचं. आता स्लाइड मिटत नाही आणि मॅगझिन आत बसत नाही. मॅगझिन आत ठेवूनच स्लाइड ओढली, तर नवी गोळी चेंबरमध्ये शिरते. अपघात इथेच होतात. दुसरी चूक म्हणजे केबल फक्त ट्रिगरभोवतीच्या कडीतून ओवणं. तसं केल्यास बंदूक चालू शकते. गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर टांगू नका.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेट्या सोयीच्या वाटतात. पण 2023 साली ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा सुमारे 61,000 पेट्या परत मागवल्या, कारण ठसा नीट नोंदवला नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. तुमच्याकडे अशी पेटी असेल, तर ती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या बोटाने उघडते का, ते करून बघा.

बातम्यांत क्वचितच येणारी एक गोष्ट सांगतो. 2022 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,204 माणसं गेली. त्यांपैकी 27,032 आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळजवळ नऊ जीव घेतात. इतर बऱ्याच मार्गांत माणूस वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. जीव द्यावासा वाटण्याची लाट ओसरेपर्यंतचा वेळ कुलूप मिळवून देतं. आपल्या घरांत नैराश्यावर बोलणं "लोक काय म्हणतील" या भीतीने टाळलं जातं. 988 हा मदतीचा फोन चोवीस तास चालू असतो, तो मुलांच्याही फोनमध्ये साठवून ठेवा.

मिशिगनमध्ये आता धोक्याच्या काळात बंदूक काढून घेण्याचा न्यायालयीन आदेशही मिळतो. जोडीदार, घरातली माणसं, पोलीस, डॉक्टर अर्ज करू शकतात. आदेश एक वर्षापर्यंतचा असतो. "तो फार रागीट आहे" एवढंच लिहिलेला अर्ज टिकत नाही. कोणत्या तारखेला काय बोलला, कोणता मेसेज पाठवला, बंदुका किती आणि कुठे आहेत, हे लिहा आणि मेसेजचे फोटो जोडा.

हा कायदा आकाशातून पडला नाही. सुरक्षित साठवणुकीची आणि अशा आदेशांची विधेयकं आधीच्या अधिवेशनांत समितीत सुनावणीच न होता पडून राहिली होती. 2023 मध्ये ती मंजूर झाली, तेव्हा राज्याच्या खालच्या सभागृहात बलाबल 56 विरुद्ध 54 होतं, म्हणजे एकेका आमदाराचं मत मोलाचं होतं. एका आमदाराच्या मतदारसंघात सरासरी नव्वद हजारांच्या आसपास लोकसंख्या असते. त्यातल्या पन्नास लोकांनी एकाच आठवड्यात, एकाच विधेयकाचा क्रमांक देऊन, आपल्या शब्दांत लिहिलं, तर कार्यालयात त्याची दखल घेतली जाते. पन्नास जणांनी एकच ठरावीक मजकूर पाठवला, तर तो एका गठ्ठ्यात मोजला जातो. पत्रात पहिल्या ओळीत घरचा पिनकोड, दुसरीत विधेयकाचा क्रमांक, तिसरीत मागणी लिहा. देशभराची आकडेवारी आमदाराकडे असतेच. तुमच्या मुलाची शाळा कोणती हे त्याला ठाऊक नसतं.

समितीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणजे मराठीइतक्याच वेगाने इंग्रजी बोललात तर साधारण तीनशे शब्द. लिहून, घड्याळ लावून वाचून बघा. बोलायचं नसेल तरी समितीच्या सुनावणीत मिळणाऱ्या कार्डावर "पाठिंबा" अशी खूण करून द्या, इतिवृत्तात नाव नोंदवलं जातं. बंदूकधारकांशी भांडण करायला जाऊ नका. कुलपाच्या बाजूने बोलणारा शिकारी मिळाला, तर त्याची साक्ष तुमच्या दहा साक्षींपेक्षा वजनदार ठरते.

ग्रीन कार्ड किंवा एच-1बी (नोकरीचा व्हिसा) असेल, मत देता येत नसेल, तरी पत्र लिहिण्याचा आणि साक्ष देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. निवडणुकीच्या प्रचाराला पैसे मात्र एच-1बीवाल्यांनी देऊ नयेत, कायद्याने मनाई आहे.

महाराष्ट्र मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना नेहमी भीती असते, की असं काही केलं तर करसवलत जाईल. धर्मादाय संस्थेने कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, यात तडजोड नाही. विधेयकाबद्दल बोलायला मात्र मर्यादित मुभा आहे. आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) फॉर्म 5768 भरला, तर ही मर्यादा आकड्यांत ठरते: संस्थेच्या कामावरच्या वार्षिक खर्चाच्या पहिल्या पाच लाख डॉलरपर्यंत 20 टक्के. साठ हजार डॉलर खर्च करणाऱ्या मंडळाला त्यातले बारा हजारांपर्यंत यावर खर्च करता येतात. त्यातले लोकांना "आमदाराला लिहा" असं आवाहन करण्यावर जास्तीत जास्त तीन हजार. स्वयंसेवकांचा बिनपगारी वेळ यात धरला जात नाही. फॉर्म एका पानाचा आहे, आणि वर्ष संपण्यापूर्वी भरला की त्या संपूर्ण वर्षाला लागू होतो.