गोणीचं वजन कोण ठरवतं?

(दृश्य: वाशीचा कांदा-बटाटा बाजार. गाळ्यासमोर लागलेला ट्रक, फाळका उघडा.)

ट्रकवर दोघे माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, उभे आहेत. तिसरा खाली, ट्रककडे पाठ करून, गुडघ्यात किंचित वाकलेला. वरचे दोघे गोणीत आकडा रुतवतात, ती फाळक्यापर्यंत ओढत आणतात आणि खालच्याच्या पाठीवर सोडतात. तो अर्धं पाऊल पुढे घेतो, खांदा एकदा हलवून गोणी नीट बसवतो आणि गाळ्यात शिरतो. थप्पीपाशी जाऊन पाठ तिरकी केली की गोणी आपसूक सुटते. तोवर ट्रकखाली दुसऱ्याची पाठ तयार असते.

या सगळ्यात एक गोष्ट घडत नाही, आणि ती महत्त्वाची आहे. कुणी वाकून जमिनीवरून गोणी उचलत नाही. ट्रकचा हौदा आणि माणसाची पाठ, दोन्हींची उंची साधारण जुळते, त्याचा फायदा टोळीने घेतलाय. काम माणसाच्या शरीराला साजेसं बेतण्याच्या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. बाजारात ते कुणी शिकवलेलं नाही, टोळ्यांनी ते अंगावर सोसून बसवलंय.

गडबड होते ती थप्पी मोडताना. गोणी खाली पडलेली असते, तिसरा माणूस दुसऱ्या गाळ्यात असतो, गाडीवाला घाई करत असतो. मग एकटाच वाकतो.

(दृश्य: वाकलेल्या माणसाचं रेखाचित्र. कमरेपाशी एक ठिपका.)

हा ठिपका म्हणजे कमरेचा मणका. तो तरफेचा टेकू समजा. गोणीचा मध्य त्याच्यापुढे साधारण 40 सेंटिमीटरवर येतो. तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र त्याच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर आहेत. हिशेब आठास एक. 50 किलोची गोणी पेलायला स्नायूंना 400 किलोची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. ही सगळी ओढ दोन मणक्यांमधल्या चकतीला दाबते. चकतीवरचा दाब 3400 न्यूटनच्या, म्हणजे साधारण 350 किलोच्या आत असावा, असं अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संशोधन संस्था सांगते.

ही नुसती कागदावरची आकडेमोड नव्हे. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यातल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. माणूस हातात वजन घेऊन वाकला की दाब कसा चढतो, ते त्यांनी दाखवून दिलं.

(दृश्य: जुन्या मुंबईतल्या गोदामांची कृष्णधवल छायाचित्रं.)

बाजार वाशीला येण्याआधी हेच काम मशीद बंदर आणि आसपासच्या पेठांमधून चालायचं. तेव्हा धान्याची, साखरेची गोणी 100 किलोची असायची. वाहणारा बहुतेक वेळा घाटावरून, सातारा-सांगलीकडून आलेला. त्याला ना हजेरीपट, ना रजा, ना भरपाई. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली. 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. मालकाने मजुरी आणि लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची, अशी व्यवस्था आली. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच्याही आधीपासून उभी होती. या लढ्यांमध्ये मजुरीबरोबर गोणीच्या वजनाचाही मुद्दा होता, हे आज सहसा कुणी सांगत नाही.

पुढे गोणी 50 वर आली. एका पिढीच्या पाठीवरचं ओझं अर्धं झालं. हेल्मेट वाटून किंवा भिंतीवर तक्ते लावून एवढा फरक पडला नसता.

पण 50 हा आकडा आला कुठून? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये ओझ्यांबद्दल करार आणि शिफारस मंजूर केली. तीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलो ही वरची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या कारखाना नियमांतही पुरुषाला 55 आणि बाईला 30 असंच आलं. 50 किलोची गोणी या मर्यादेत बसते. नायॉशने 1991 मध्ये चकतीवरचा दाब, लागणारा दम आणि माणसांची सोसण्याची तयारी, तिन्ही धरून नवं सूत्र मांडलं. त्यातलं सगळ्यात मोठं वजन 23 किलो. तेही ओझं अंगालगत, जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर, चांगली पकड आणि अधूनमधूनच उचलायचं असेल तर. जमिनीवरून उचलायचं म्हटलं की ते 18 वर येतं. तेच अंगापासून अर्धा मीटर लांब असेल तर 9.

एवढ्यात कुणीतरी म्हणेलच, की यांना नीट वाकायला शिकवा, कमरेला पट्टे द्या. पट्ट्यांचं आधी बघू. नायॉशने 1994 मध्ये उपलब्ध पुरावे तपासले आणि धडधाकट कामगाराला पट्ट्याने इजा टळते, हे सिद्ध झालेलं नाही, असं सांगितलं. अमेरिकेतल्या दुकानांमध्ये माल हलवणाऱ्या हजारो कामगारांवरचा अभ्यास 2000 साली आला, त्यातही पट्टा लावणारे आणि न लावणारे यांच्यात फरक दिसला नाही. राहिलं प्रशिक्षण. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, हे सांगणं सोपं आहे. पण 50 किलोची फुगीर गोणी दोन गुडघ्यांच्या मधे मावतच नाही. ती पुढेच राहते आणि ते 40 सेंटिमीटर तसेच राहतात. गोणीला धरायला कान नसतात, हे वेगळंच.

(दृश्य: दोन चाकांची हातगाडी, उतरंडीवरून वर ओढली जाताना.)

फरक पडतो तो जागेत आणि सामानात बदल केल्यावर. ट्रकच्या हौद्याइतका उंच धक्का असला तर माल सरळ ढकलता येतो. थप्पीची सर्वात खालची ओळ जमिनीऐवजी लाकडी पाटांवर रचली तर वाकणं कमी होतं, आणि मालही ओलीपासून वाचतो. हातगाडीचं चाक मोठं हवं. गाळ्याच्या उंबऱ्यावर एक फळी टाकली तर गाडी आतपर्यंत जाते, नाही तर उंबऱ्यापाशी गोणी पुन्हा पाठीवर येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ‘एर्गोनॉमिक चेकपॉइंट्स’ या पुस्तकात असे स्वस्तातले उपाय चित्रांसकट दिलेत. आपल्याकडे शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे एर्गोनॉमिक्सचा वेगळा विभाग आहे. वाशीहून हार्बरची गाडी धरली, कुर्ल्याला बदलली, की शीव.

मग अडतं कुठे? एक कारण नोंदीत आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या 29 रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटाने येणारा बहिरेपणा, सगळं त्यात होतं. झिजलेली कंबर नव्हती. आणि बाजार तर कारखानाही नाही. गोणी अंगावर पडून पाय मोडला तर तो अपघात, त्याची तारीख असते. वीस वर्षांत झिजलेल्या चकतीला तारीख नसते, म्हणून ती वयाच्या खात्यावर जाते. चाळिशीतच माणूस मुलाला टोळीत लावून गावी परततो, आणि घरातसुद्धा त्याला इजा म्हणत नाहीत.

दुसरं कारण ट्रकमध्येच असतं. 50 किलोचा दंडक असूनही भरगच्च गोण्या येत राहतात. त्या उतरवणार नाही, असं म्हणून वाशीतल्या माथाडींनी एकाहून अधिक वेळा काम थांबवलंय. व्यापारी म्हणतो, माल तिकडूनच तसा भरून येतो. ते खोटंही नाही. बारदान कमी लागतं, गोण्यांची संख्या कमी भरते, आणि नगावर मोजणी असेल तर हमालीही वाचते.

ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी पूर्वी 50 किलोची होती, आता 25 ची असते. ती बांधकामावरच्या मजुराने हलकी केली नाही, सिमेंट भरणाऱ्या कंपन्यांना करावी लागली. बटाट्याची गोणी शीतगृहाच्या दारात शिवली जाते, कांद्याची खळ्यावर किंवा नाशिककडच्या बाजार समितीच्या आवारात. वजनकाटा तिथे असतो. वाशीचा माथाडी तिथे नसतो.